नेमअण्णांचे रोमन शिपाई

पन्हाळ्याची एसटी शिवाजी पुलावर आली, शेजारच्या म्हातारीनं पदराची गाठ सोडून नदीला पैसा टाकला, आणि माझाही हात आपोआप खिशात गेला. नदी ओलांडताना तिला काही तरी द्यावं ही सवय मला आईनं इतक्या लहानपणी लावली, की त्या व्यवहारात डोक्याचा काही संबंधच उरलेला नाही. हात खिशात जातो, चार आणे बाहेर येतात, खिडकीतून खाली जातात आणि मग दोन्ही हात जुळतात. त्या दिवशीही सगळं रीतीप्रमाणं पार पडलं. हात जुळले, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे एक गरुड उभा राहिला.

चार आणे पँटच्या खिशात होते. शर्टाच्या खिशात होतं ते नेमअण्णांचं गरुडाचं रोमन नाणं. चांदीचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि अंगानं बरोब्बर चार आण्याएवढं. निघताना अण्णांनी ते कागदाच्या पुडीत बांधून दिलं होतं. पण वाटेत मला ते एकदा उजेडात पाहावंसं वाटलं, आणि पाहून झाल्यावर पुडी एका खिशात आणि नाणं दुसऱ्या खिशात अशी मी चोख व्यवस्था लावून ठेवली होती.

"थांबवा! गाडी थांबवा!" मी ओरडलो.

"पुलावर ष्टॉप न्हाय," कंडक्टर मागं न बघता म्हणाला. "काय झालं?"

"रोमन नाणं पडलं हो नदीत!"

"पडलं न्हवं, टाकलंय," म्हातारी म्हणाली. "म्या बघिटलं की. चांगलं हात जोडून टाकलंय."

"बायडाबाई, तुमी गप बसा," कंडक्टर म्हणाला. रोजची गिऱ्हाईक असावी. पण बायडाबाईंना माझ्याविषयी आता आस्था उत्पन्न झाली होती.

"काय मागितलंसा?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही मागितलं. चुकून टाकलं."

"आत्ता गं बया! येवढं जुनं नाणं टाकलं आणि मागितलं काय न्हाय? म्या आट आण्यात सुनंला पोरगं मागितलंय."

पूल संपला. पुढच्या थांब्यावर उतरून मी चालत परत आलो आणि कठड्यावरून खाली बघत राहिलो. जानेवारीतली पंचगंगा. शांत, हिरवी आणि आपल्याला काहीच ठाऊक नसल्यासारखी.

आता हे नेमअण्णा कोण, ते सांगायला हवं. कारण पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालंच नसतं.

नेमगोंडा मगदूम यांचं कोल्हापूरच्या गुजरीमागच्या, म्हणजे सराफपेठेमागच्या, बोळात चांदी आटवायचं दुकान होतं. गुजरीत गिऱ्हाइकं नवी चांदी घेतात आणि जुनी मोडीत घालतात. ती मोड, म्हणजे झिजलेली पैंजणं, चेपलेले पेले, बाळाच्या वाळ्यांचे तुकडे, अण्णांच्या भट्टीत येई, मुशीत वितळे आणि लगड होऊन बाहेर पडे. अण्णांची पन्नाशी उलटलेली, अंगानं धिप्पाड, आवाज पंचगंगा घाटावरून रंकाळ्यापर्यंत जाईल असा, आणि भुवया नाहीतच. त्या भट्टीनं केव्हाच नेल्या होत्या. त्यामुळं चेहऱ्यावर कायम 'काय सांगता!' असा भाव असायचा. तो खरा नव्हता. अण्णांना कुणी काही सांगायची सोयच नव्हती.

जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी दोन प्रकारच्या होत्या, वितळणाऱ्या आणि न वितळणाऱ्या. माणसंसुद्धा ते चांदीसारखी कसाला लावत. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण ऐकून म्हणत, "आवाज झ्याक हाय, पर टंच कमी." कुस्तीत जिंकलेल्या पैलवानाला चांदीची गदा मिळाली, लोकांनी टाळ्या पिटल्या, की हे शेजारच्याच्या कानात सांगत, "आत लाकूड हाय. वरनं नुसता पत्रा." शेजारच्याच्या कानात म्हणजे निम्म्या मैदानाला ऐकू जाई.

मी वीज मंडळात. त्यांच्या भात्याच्या मोटरचं मीटर बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला "काय पावणं, मीटर बघायला आलाय का चांदी बघायला?" असं विचारलं, आणि मी खरंच चांदी बघत उभा होतो. तिथून आमचं जमलं. एरवी ते मला शिरपाद म्हणत. रागावले की पुन्हा पावणं.

तर एकदा चंदगडकडच्या एका बाईनं जुनी गळ्यातली माळ मोडीला आणली. माळेत कड्या लावलेली तीन नाणी होती. मोडीला आलं की मुशीत जायचं, हा दुकानाचा कायदा. अण्णांनी बाईचा हिशेब चुकता केला आणि चिमट्यात पहिलं नाणं धरलं. भट्टीच्या उजेडात नाण्यावरचा माणूस दिसला. जाड मान, टक्कल आणि हे एवढं नाक.

"शिरपाद, तुला सांगतो, हुबेहूब माझा सासरा! आता सासऱ्याला कोन भट्टीत घालंल? तशी इच्छा लई येळा झालती, पर धीर झाला न्हाय."

तिन्ही नाणी वाचली. पुढं कुणा जाणकारानं ती पाहून रोमन असल्याचं सांगितलं. रोमन शिपायांना अशा चांदीच्या नाण्यांत पगार मिळे, म्हणून त्यांच्यावर फौजेची चित्रं, हेही सांगितलं. त्या जाणकाराचं काम तिथं संपलं. बाकीचा इतिहास अण्णांनी स्वतःच्या हिमतीवर तयार केला.

सासऱ्याच्या नाण्यामागं एक खांब होता, खांबावर चिलखत आणि ढाली टांगलेल्या, आणि खाली एक माणूस बसलेला. अण्णा सांगत, "हा खाली बसलाय त्यो हारलेला. वर टांगलंय ते त्याचंच सामान. जितलेल्यानं काढून घेतलंय. आपल्याकडं नुसता फेटा जातोय, त्यांच्यात सगळंच काढून घेत हुते." दुसऱ्या नाण्यावर दोन घोडेस्वार, भाले रोखून, घोडी चौखूर उधळलेली. त्यांना अण्णा 'आमची जोडी' म्हणत.

आणि तिसरं. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज. दुसऱ्या बाजूला मधोमध काठीवर गरुड आणि दोन्हीकडं दोन उंच निशाणं. "सासनकाठ्या!" अण्णा गरजत. "ह्या बघ की. चैत्रात जोतिबाला नाचवतेत तसल्याच. रोमन लोक इकडं येऊन बघून गेलं असणार." जहाजातून जोतिबाच्या डोंगराकडं कसं येतात, असं मी एकदा विचारलं. "पुरात," असं उत्तर मिळालं.

पण ह्याच नाण्यावर त्यांचा जीव होता. खरं तर तिघांत ह्याचीच चांदी हलकी. अण्णांनी कडेला जरा घासून कस पाहिला आणि रोमच्या कुठल्याशा सेनापतीला जागच्या जागी पकडलं. "ह्यात तांबं घातलंय रं! लढाई तोंडावर आलती, पगार भागवायचा हुता, मारलं तांबं. गुजरीत असता तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद पडलं असतं." त्या सेनापतीची लबाडी दोन हजार वर्षांनी का होईना आपण पकडली, याचा त्यांना इतका आनंद होता, की त्याच्यावर त्यांनी मनापासून प्रेमच केलं.

घरात मात्र ह्या नाण्यांना शत्रू होता. चंदनावहिनी. अण्णांच्या पत्नी. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाऊन आल्याशिवाय पाणी न घेणाऱ्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण जैन माणसं. घरात मुंगीला लागू देत नाही. आणि कपाटात हे भालेवाले शिपाई आणि बांधलेले कैदी.

"हिंसा हाय ती," वहिनी म्हणत.

"घोड्यावर बसलं म्हंजे हिंसा व्हय? मी बी घोड्यावरनंच आलतो तुझ्या दारात."

"हातात भाला हुता का?"

"पडायचं भ्या वाटतंय गं घोड्यावरनं. धराया काय तरी नको?"

"मग लगाम कशाला असतोय?"

यावर अण्णांकडं एकच हुकमी पत्ता होता. "बरं. हिंसा म्हन. पर त्यास्नी वितळवलं तर? जित्या शिपायाला इस्तवात घालायचं, ती काय दया झाली व्हय?" वहिनी मग तोंडात पुटपुटत आत जात. पण हा वाद दर वर्षी पर्युषणात नव्यानं निघे, आणि त्या वर्षी तो जानेवारीपर्यंत चालून टोकाला गेला. बस्तीतल्या मूर्तीवर चांदीचं छत्र करायचं ठरलं. घरोघरची जुनी चांदी त्यात जाणार होती, आणि ती आटवायचं काम अण्णांकडंच आलं होतं.

"घरातली जुनी चांदी सगळी दिली," वहिनी म्हणाल्या. "हे तीन शिपाईच तेवढं ऱ्हायलेत. ज्याच्याकडं कोन बघत न्हाय ते ठेवून काय करायचं?"

"कोन बघत न्हाय? परवा नाण्यांचं परदर्शन हाय. मला टेबल दिलंय. बघ किती झुंबड उडतीय ती."

मग ठराव झाला. मी साक्षीदार होतो म्हणून शब्दन् शब्द ठाऊक आहे. प्रदर्शनात वहिनी स्वतः टेबलाशी बसणार. परका माणूस आपण होऊन थांबला आणि एखाद्या नाण्याविषयी त्यानं विचारलं, तर ते नाणं घरात राहील. ज्याच्याविषयी कुणी विचारणार नाही, ते छत्रात जाईल. अण्णांनी कुणाला हाक मारायची नाही.

"आणि खाकरायचं बी न्हाय," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी शब्द दिला. त्यांची भिस्त गरुडावर होती. त्यात भाला नाही, कैदी नाही. पक्षी, जहाज आणि काठ्या. वहिनीसुद्धा त्याला एकदा 'बरं हाय' म्हणाल्या होत्या. फक्त एवढंसं नाणं लोकांना दिसणार कसं? म्हणून मी सुचवलं, पन्हाळ्याला माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर आहे, फुलपाखरांचे हे एवढाले फोटो काढतो, त्याच्याकडून गरुडाचा मोठा फोटो करून आणू. सूचना माझी. उत्साह माझा. नाणं देताना अण्णा म्हणाले होते, "संबाळ हां. रोमन पलटणीचा गरुड गेला तर सगळ्या पलटणीची अब्रू जायाची."

ती घालवून मी बोळात शिरलो. पुडी पुढं केली. अण्णांनी उघडली. आत काही नाही.

"नदीत टाकलं," मी म्हणालो. "पुलावरून. सवयीनं."

अण्णा भट्टीपुढं बसले होते ते उठले. पुन्हा बसले. भुवया नसल्यामुळं राग चढतोय की उतरतोय ते कळायला मार्ग नव्हता.

"पावणं," ते शेवटी म्हणाले. "पुलाच्या वरच्या अंगाला टाकलासा का खालच्या?"

तासाभरात आम्ही घाटावर होतो. लोखंडाच्या गजाला लोहचुंबक बांधून नदीतले पैसे काढणारे तिथं होते, पण अण्णांनी त्यांना झिडकारलं. "चांदी चुंबकाला भीक घालत न्हाय." मग ज्ञानू म्हणून एक पट्टीचा बुडी मारणारा मिळाला. ज्ञानूनं आमच्यासाठी तळ ढवळला. एकेका बुडीला एकेक वस्तू वर येई आणि अण्णा ती हातात घेऊन परत पाण्यात टाकत. सायकलची घंटी, पितळी निरांजन, आठ आणे. "हे त्या बायडाबाईचं असणार," मी म्हणालो. अण्णांनी ते लांब भिरकावलं. अंधार पडायच्या आत ज्ञानूचे ओठ निळे झाले आणि शोध संपला.

समजूत घालावी म्हणून मी पुलाजवळच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीकडं बोट केलं. तिथं पूर्वी खोदकामात रोमन वस्तू सापडल्या होत्या, हे कोल्हापुरात पोराठोरांना ठाऊक. "अण्णा, एका अर्थी ते आपल्या माणसांत गेलं."

"तू बी जा," अण्णा म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सगळ्यांत आधी हजर होतो. टेबलावर निळ्या मखमलीत तीन खळगे होते. पहिल्यात सासरा, पाठ वर करून, म्हणजे कैदी दिसेल असा. दुसऱ्यात घोडेस्वार. तिसरा रिकामा. त्याखाली अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: 'रोमन गरुड. मुक्काम पंचगंगा.'

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. अण्णा मागं हाताची घडी घालून उभे. शब्द दिलेला. हाक नाही, खाकरणं नाही. लोक येत होते आणि शेजारच्या टेबलाकडं जात होते. तिथं नशीबवान आकड्यांच्या नोटा होत्या. आमच्या टेबलाला त्यांची पाठ होती. अण्णांचा चेहरा हळूहळू तांबूस व्हायला लागला. इतका वेळ गप्प राहण्याचा त्यांच्या देहाला सराव नव्हता.

शेवटी मला राहवलं नाही. मी बाहेर जाऊन आमच्या ऑफिसातल्या आकारामला पढवलं. तो आला, टेबलाशी थांबला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "ह्या घोडेस्वारांविषयी काही माहिती मिळंल का?"

वहिनींनी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "तुमी वीज मंडळातलं न्हवं? गेल्या म्हयन्यात आमची लाइट तोडाय आलता."

आकाराम गेला. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. घोडेस्वारांचं नशीब तिथंच फिरलं असं मला आता वाटतं, कारण त्यानंतर त्यांच्याविषयी बोललेला शब्द वहिनींना संशयितच वाटला असता.

दुपारी गडमुडशिंगीचा एक फेटेवाला शेतकरी आला. नोटांच्या गर्दीत शिरता आलं नाही म्हणून आमच्याकडं वळला. त्यानं कैद्याकडं पाहिलं, घोडेस्वारांकडं पाहिलं, आणि रिकाम्या खळग्यावर बोट ठेवलं.

"ह्यात काय हुतं?"

अण्णांनी वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी मान डोलावली. प्रश्न खरा होता.

मग बांध फुटला. "काय हुतं? अवो पावणं, काय न्हवतं ते इचारा!" गरुड, जहाज, तांबं घालणारा सेनापती, त्याची लढाईत झालेली दाणादाण, पन्हाळ्याची एसटी, सगळं त्या आवाजात बाहेर पडलं. नोटांची गर्दी वळली. हॉलमधली माणसं जमली. "आणि कुणी टाकलं म्हंता? बाहेरचं न्हवं कोन. ह्योच त्यो! पुढं ये, शिरपाद. लाजू नको. बघू दे लोकास्नी." मी पुढं आलो. लोकांनी मला निरखून पाहिलं. एकानं माझा खिसा कुठला ते विचारलं. पुढं संध्याकाळपर्यंत मी त्या टेबलाशी तिसऱ्या खळग्याच्या जागी उभा होतो. इतकी गर्दी त्या प्रदर्शनात दुसऱ्या कुठल्याच नाण्याला झाली नाही.

म्हणजे ठरावाप्रमाणं गरुड घरात राहणार होता. नव्हताच तो घरात, ही गोष्ट वेगळी.

या गडबडीत एक बाई, हातात भाजीची पिशवी, गर्दीच्या कडेनं वहिनींपाशी आली. तिनं पहिल्या खळग्यातलं नाणं जवळून पाहिलं.

"अक्का, ह्यो का रडतोय वं?"

"कोन?"

"ह्यो खाली बसलेला."

वहिनींनी टेबलावरचं भिंग उचललं. इतकी वर्षं हे नाणं घरात होतं, पण त्यांनी ते असं कधी पाहिलं नव्हतं. त्या वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. डोक्याला हात लावून बसलेला माणूस. मागं त्याचंच चिलखत टांगलेलं.

"हारलाय," वहिनी हळूच म्हणाल्या.

"बिचारा," ती बाई म्हणाली आणि भाजी घेऊन गेली.

संध्याकाळी आवराआवर करताना वहिनींनी ते नाणं स्वतः उचललं आणि रुमालात बांधलं. "ह्याला इस्तवात न्हाय घालायचं."

"घालायचंच न्हाय की. त्या बाईनं इचारलं न्हवं," अण्णा म्हणाले.

"तिनं इचारलं नसतं तरी न्हाय. आधीच हारलाय, वर आणि जाळायचं? अभय दिलंय मी त्याला."

मग दोघांनीही दुसऱ्या खळग्याकडं पाहिलं. घोडेस्वार भाले रोखून पुढं झेपावलेले. दिवसभरात त्यांच्याविषयी खऱ्या माणसानं कुणी काही विचारलं नव्हतं. गर्दीला मी आणि नदी पुरलो होतो.

छत्राची चांदी आटवायच्या दिवशी मी दुकानात गेलो. मुशीत घरोघरची चांदी पडत होती. करंड्यांची झाकणं, अत्तरदाण्या, कुणाची तरी बिनकडीची पैंजणं. शेवटी अण्णांनी चिमट्यात घोडेस्वार धरले. वहिनी दारात उभ्या होत्या.

"मन हुईत नसलं तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "देवाला कमी न्हाय पडायचं."

अण्णांनी चिमटा तसाच धरून ठेवला. भट्टीच्या उजेडात ती दोन घोडी खरंच उधळल्यासारखी दिसत होती. एरवी काम करताना हा माणूस मोठ्यानं आरती म्हणायचा, नाही तर शेजारच्या दुकानदाराशी भांडायचा. आज भात्याचा तेवढा आवाज येत होता.

"शब्द दिलाय मी," अण्णा म्हणाले, आणि चिमटा उघडला.

नाणं क्षणभर तरंगल्यासारखं वर राहिलं. मग कडा गोल झाल्या, भाले गेले, घोड्यांचे पाय गेले, आणि मुशीत सगळीकडं सारखा एकच पांढरा तजेला झाला. वहिनींनी हात जोडले आणि त्या आत गेल्या. अण्णांनी साच्यात लगड ओतली, निवल्यावर तराजूत टाकली, वजन दोनदा पाहिलं आणि घाम पुसला.

काही तरी बोलायला हवं असं मला वाटलं, आणि अशा वेळी जे बोलू नये तेच माझ्या तोंडून जातं.

"अण्णा," मी म्हणालो, "दोन हजार वर्षांचा इतिहास वितळवलात हो तुम्ही."

अण्णांनी तराजूवरून मान वर केली.

"चांदी हाय तेवढीच हाय, घोडी तेवढी पळाली."